चावीवाल्याचं मरण

रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाने "मॅडम" म्हटलं तेव्हा तिला वाटलं, पुढे सरका म्हणत असेल. ती ट्रे घेऊन दोन पावलं पुढे सरकली. तो पुन्हा म्हणाला, "मॅडम, ओळखलं नाही?" तिने वळून पाहिलं. गोल, तुकतुकीत चेहऱ्याचा, मानेवर वळी पडलेला, पन्नाशी ओलांडलेला एक माणूस तिच्याकडे बघून हसत होता आणि त्याच्या ट्रेमध्ये चहा, दोन उकडलेली अंडी आणि केकचा तुकडा होता. तीही हसली. रस्त्यात भेटलेल्या जुन्या पेशंटकडे बघून डॉक्टर मंडळी हसतात तशी, म्हणजे अर्धं ओठांनी आणि अर्धं निघायच्या बेताने. मग त्याने मूठ वळून हवेत एक ठोसा मारला. "तुमचं कपाट," तो म्हणाला, "ड्यूटीरूममधलं. एका हाताला सलाइन होती आणि दुसऱ्या हाताने उघडून दिलं होतं. चावीवाला हो." तिच्या हातातला ट्रे कलला आणि कपातला चहा बशीत सांडला. माणूस जिवंत आहे हे बघून आनंद व्हायला हवा, असं तिला वाटलं खरं, पण ते बऱ्याच वेळाने, आणि वाटलं तेही परीक्षेत राहून गेलेला प्रश्न आठवावा तसं. त्या क्षणी तिच्या मनात आलं ते एवढंच, की हा तर मेलाय.

मेलाच होता तो. निदान तिच्या अर्जात तरी मेला होता, आणि तो अर्ज यंदा पाच संस्थांकडे गेला होता. त्यातली शेवटची आणि सगळ्यांत मोठी संस्था ही, जिच्या कँटीनमध्ये तो आता काउंटरवरच्या मुलीकडे मिरपूड मागत होता. उद्या सकाळी इथे तिची मुलाखत होती. कॅन्सरच्या उपचारांचं पुढचं शिक्षण, फेलोशिप म्हणतात तिला. जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि उमेदवार पोत्याने. आज ती नुसती बघायला आली होती, की दार कोणतं, लिफ्ट कोणती, बाथरूममधल्या आरशात आपण कशा दिसतो. गेल्या वर्षी तिला सगळीकडून नकार आला होता. तिच्याबरोबरचा लंबू, जो परीक्षेत कायम तिच्या वह्यांवर तरला, त्याला मात्र पहिल्याच फटक्यात जागा मिळाली. तिने तोंड वेंगाडून त्याला सल्ला विचारला तेव्हा त्याने तिचा अर्ज वाचला आणि डॉक्टर रिपोर्ट वाचून नि:श्वास सोडतात तसा नि:श्वास सोडला. "तुझा पेशंट वाचलाय," तो म्हणाला. "मग?" "मग काय. तुमच्या मनात घर करून राहिलेल्या एका पेशंटविषयी सांगा, असं ते प्रत्येक ठिकाणी विचारतात. वाचलेल्या पेशंटवर कुणाला जागा मिळालीय का आजवर? वाचला म्हणजे तू बढाई मारतेयस. मेला म्हणजे तू काहीतरी शिकलीस. एखादा चांगला मेलेला शोध." ती त्याच्यावर भडकली होती. आणि घरी जाऊन शोधायला बसली होती.

चांगले मेलेले मिळणं सोपं नसतं. वॉर्डात माणसं मरतात ती बहुतेक करून धांदलीत मरतात, नळ्या-तारांच्या गुंत्यात, नातेवाईक फोनवर ओरडत असताना, आणि त्यातून शिकण्यासारखं काही निघत नाही. तेव्हा तिला चावीवाला आठवला. तीन वर्षांपूर्वी तो तिच्या वॉर्डात होता. बस स्टँडच्या कोपऱ्यावर कुलपं दुरुस्त करणारा, किल्ल्या कापून देणारा माणूस. पोटात, बगलेत, छातीत गाठीच गाठी. रिपोर्ट आला की कॅन्सर सगळीकडे पसरलाय, मूळ सापडत नाही, हाती दोन-तीन महिने. हे त्याला सांगायचं काम तिच्या साहेबांनी तिच्यावर ढकललं. तिने सांगितलं आणि सांगता सांगता ती रडली. खरोखर रडली. आता तिच्या रडण्याचं कारण असं, की त्या दिवशी सकाळीच साहेबांनी सगळ्यांसमोर तिची बिनपाण्याने केली होती, आदल्या रात्रीची झोप नव्हती आणि पोटात अन्न नव्हतं. पण डोळ्यांतून पाणी आलं ते त्याच्या खाटेशेजारी आलं, आणि पाण्यावर काही कारण लिहिलेलं नसतं. त्याच्या बायकोनेच तिला पाण्याचा ग्लास दिला. दुसऱ्या दिवशी नवराबायको घरी जातो म्हणाले आणि गेले ते गेलेच. तो पुन्हा तपासणीला आला नाही. आता परत न येणाऱ्याला मेलेल्यांत धरायचं, अशी या धंद्यातली एक रीत आहे. त्यात कुणी कुणाचं वाईट चिंतत नाही. आपल्या उपचारांचे आकडे उगाच फुगू नयेत म्हणून केलेली ती सावधगिरी असते. वर्षाअखेरीच्या हिशेबात तिने त्याला मेलेल्यांत टाकलं होतं, आणि पुढे अर्ज लिहिताना हिशेबातून गोष्टीत घेतलं, इतकंच. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटलं नव्हतं. रिपोर्ट तिने स्वतः वाचला होता. अशा रिपोर्टचा माणूस जगत नाही. जगलाच, तर ती त्याची आगळीक.

गोष्ट तयार झाली ती आईच्या देखरेखीखाली. आई एका कचेरीत टेलिफोनवर बसून लोकांना हव्या त्या साहेबांशी जोडून देण्यात म्हातारी झाली होती, त्यामुळे आवाज कुठे चढवावा, कुठे पाडावा हे तिला उपजत कळायचं. संध्याकाळी जेवणं झाली की आई खुर्चीत बसायची, मुलगी समोर उभी राहायची. "तो म्हणाला, डॉक्टर, कुलूप मोडायचं नसतं, त्याला विचारायचं असतं," असं मुलगी म्हणायची आणि आई हात वर करायची. "इथे थांब. लगेच पुढे पळू नकोस. ऐकणाऱ्याला जरा गिळू दे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई पदर डोळ्यांना लावून बसली होती, दहाव्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, "रडलीस ते शेवटी घे. आधी रडलीस तर मग उरतं काय?" तेव्हा रडणं शेवटी गेलं. मृत्यू घरी, पहाटे, बायकोच्या मांडीवर, असा ठरला. कुलपाचं ते वाक्य चावीवाला खरंच म्हणाला होता की आईनेच सुचवलं होतं, हे आता त्या दोघींनाही सांगता आलं नसतं. चार मुलाखतींत ती गोष्ट तिने सांगितली. दोन ठिकाणी नकार आला, दोन ठिकाणी प्रतीक्षायादीत इतकं खाली नाव, की वरच्यांवर पटकी आली तरच नंबर लागावा. पण गोष्ट प्रत्येक वेळी अंगात जास्त मुरत गेली. हल्ली सांगताना तिला त्याची ती पहाट दिसायची. खिडकी दिसायची. आणि आज तो तिच्यासमोर अंड्याचं टरफल सोलत होता. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे तिने ऐकलं होतं. इथे मढंच उठून बसलं होतं आणि म्हणत होतं, बसा ना मॅडम, एकटं खायला बरं वाटत नाही.

ती बसली. पळून जाता आलं असतं, पण पाय वळले नाहीत, आणि दुसरं म्हणजे त्याला किती माहीत आहे हे तिला बघायचं होतं. तो बोलत होता. पूर्वी वॉर्डात तो इतका बोलायचा नाही, की बोलायचा आणि तिने ऐकलं नव्हतं? "तुमच्यामुळेच वाचलो मी," तो म्हणाला. "म्हणजे बघा, तुम्ही रडलात ना. आमची बायको म्हणाली, जिथे डॉक्टरच रडतोय तिथे आपलं काय होणार? उठा. दुसऱ्या दिवशी मला घेऊन थेट इथे आली. नाहीतर तुमच्याकडेच पडून राहिलो असतो हो, आणि गेलोही असतो." तो हसला, त्या हसण्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला सहन होईना. इथल्या मोठ्या बाईंनी त्याच्या गाठीचा तुकडा ज्यांवर तपासला होता त्या काचा परत मागवल्या, स्वतः बघितल्या. रोग निराळाच निघाला. रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार, औषधाला लोण्यासारखा विरघळणारा. सहा महिने सुया घेतल्या, केस गेले, पुन्हा आले, वजन वाढलं. "मोठ्या बाई काय तापल्या होत्या," तो आठवून खूश होत म्हणाला. "म्हणाल्या, कोण गाढव आहे ज्याने तुम्हाला घरी मरायला पाठवलं? मी नाव सांगितलं नाही तुमचं. म्हटलं, चांगली होती बिचारी." मोठ्या बाई म्हणजे विभागप्रमुख. उद्याच्या मुलाखतीत मधल्या खुर्चीवर त्याच बसणार होत्या.

"तुम्ही काय काम करता हे माहितेय का त्यांना?" तिने विचारलं. आपला आवाज कसा येतोय याकडे तिचं लक्ष होतं. बरा येत होता. "कपाट वगैरे सांगितलंत का कधी?" "छे, त्यांना कुठला वेळ. त्यांना माझ्या काचा तोंडपाठ, मी कोण ते नाही माहीत." तिने सांडलेला चहा बशीतून कपात ओतला. मग, खरंतर गरज नसताना, ती म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी कपाट उघडताना म्हणाला होतात, कुलूप मोडायचं नसतं, त्याला विचारायचं असतं. आठवतं?" त्याने केक तोंडात तसाच धरून विचार केला. "मी? नाही बुवा. फालतू कुलूप होतं ते. ठोसा मारला की उघडायचं." आणि पुन्हा ती मूठ, तो ठोसा. तिला त्याचा इतका राग आला, की तो तिचा तिलाच नवा होता. तो मेलेला माणूस या जिवंत माणसापेक्षा किती चांगला होता. तो कमी बोलायचा, त्याच्या मानेला वळी नव्हती, तोंडात घास असताना तो हसायचा नाही. त्याच्यावर तिने वर्षभर मेहनत घेतली होती. त्याला तिने आईइतकं ओळखलं होतं. आणि हा कोण कुठला लठ्ठ, घाम येणारा माणूस त्याच्या जागेवर येऊन बसला होता आणि त्याचं एकुलतं एक वाक्यही नाकारत होता.

तिथेच सगळं संपलं असतं. पण तिच्या तोंडून उद्याच्या मुलाखतीचं निघून गेलं. त्याने विचारलं, तुम्ही इकडे कशा, आणि तिला पटकन खोटं सुचलं नाही. सगळी खोटी वाक्यं मेलेल्याच्या नावे जमा होती, जिवंताशी बोलायला एक शिल्लक नव्हतं. चावीवाल्याचे डोळे चमकले. "मग मी थांबतोच. आज माझी सहामाही तपासणी होती, झाली, संध्याकाळच्या बसने निघणार होतो. पण राहतो की. बाहेर बाकड्यावर झोपायची सवय आहे आम्हाला. उद्या सकाळी मोठ्या बाईंना गाठतो आणि सांगतो, ही पोरगी सोन्यासारखी आहे, पेशंटसाठी रडणारी आहे, हिला घ्या. माझं ऐकतील त्या." ती नाही नाही म्हणत होती आणि तो हात हलवून तिला गप्प करत होता. उपकार फेडायची संधी मिळालेल्या माणसाला अडवणं फार कठीण असतं. "आणि तसंही," तो म्हणाला, "राहिलो तर पाठ पण दाखवून होईल. आज विसरलोच. विसरलो म्हणजे, तो नवीन डॉक्टर घाईत होता, रक्त चांगलं आहे म्हणाला, मग म्हटलं, चांगल्या बातमीला कशाला गालबोट लावा." "काय झालंय पाठीला?" ती म्हणाली. हे विचारायची गरज नव्हती. पण डॉक्टर होती. पाठ म्हटलं की तोंड आपोआप उघडतं.

त्याने सांगितलं. खांद्याच्या खाली, मधोमध, पट्ट्याने आवळल्यासारखं. आडवं झालं की वाढतं, म्हणून हल्ली तो खुर्चीत बसून झोपतो. आठ-दहा दिवसांपासून जिना चढताना पाय पोत्यासारखे जड वाटतात. लघवीला उभं राहिलं की वाट बघावी लागते. "वय झालं," तो म्हणाला, "दुसरं काय? गंमत म्हणजे चप्पल निसटते आणि मला कळतच नाही. घरात बायको ओरडते, एक चप्पल मोरीत, एक अंगणात." तो एकेक गोष्ट सांगत गेला आणि तिच्या डोक्यात निदान तयार होत गेलं, तिने न बोलावता, जसं शिकवलं होतं तसं, अचूक. रोग परत आला होता. मणक्यात गाठ आली होती आणि ती मज्जारज्जूला चेपत होती. पाय अजून चालत होते, म्हणजे वेळ होती. आजच्या आज एमआरआय, आजच इंजेक्शन, लगेच किरणं, की हा माणूस स्वतःच्या पायांनी घरी गेला असता आणि रोग पुन्हा औषधाला लोण्यासारखा विरघळला असता. आणि पाय एकदा गेले की गेले. कँटीनच्या खिडकीतून समोर आवार दिसत होतं, आवाराच्या पलीकडे इमर्जन्सीचं दार, दारावर लाल अक्षरं. चालत दोन मिनिटं. तिने फक्त त्याला दंडाला धरून उठवायचं होतं. मग ती तिथल्या डॉक्टरला सांगणार, त्याने विचारलं असतं तुम्ही कोण, चावीवाल्याने कुणीही न विचारता सगळं सांगितलं असतं, आणि तासाभरात मोठ्या बाई स्वतः खाली आल्या असत्या, कारण त्यांच्या काचा होत्या त्या. मग उद्या सकाळी त्यांनी अर्ज उघडला असता, त्यात कुलपं दुरुस्त करणारा एक माणूस, गाठी, तेच साल, तेच हॉस्पिटल, पहाट, बायकोची मांडी. तिला हे सगळं एका दमात दिसलं, निदान दिसलं तितकंच स्पष्ट. पुढचं वर्ष दिसलं, सर्दी-खोकल्याचा वॉर्ड, साहेबांचं ओरडणं, लंबूचा फोन, "अरेरे". आई दिसली, खुर्चीत बसलेली, हात वर केलेली.

"काही नाही हो," ती म्हणाली. "स्नायू आखडलाय. वजन वाढलंय ना तुमचं." तिने हे हसून म्हटलं, आणि तोही हसला, पोटावर थाप मारली. "मग काय करू?" "शेका. गरम पाण्याची पिशवी घ्या, सकाळ-संध्याकाळ. आराम करा. बसचा प्रवास आजच उरकून टाका, इथल्या बाकड्यावर झोपलात तर अजून आखडेल." "पण तुमचं ते, मोठ्या बाईंना सांगायचं?" "त्यांना वशिला अजिबात चालत नाही. कुणी माझ्यासाठी शब्द टाकला तर माझंच नाव कापतील." हे ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण पटलं. त्याने तिचा फोन मागून घेतला, त्यात जाड बोटांनी स्वतःचा नंबर घातला, त्यावरून स्वतःला एक मिस्ड कॉल दिला, नाव म्हणून चावीवाला एवढंच लिहिलं आणि म्हणाला, जागा मिळाली की कळवा, आम्ही दोघं वाट बघू. तो गेला तेव्हा ती खुर्चीतच बसून होती. तो दाराशी पोहोचला. डाव्या पायातली चप्पल उंबऱ्यापाशी राहिली आणि तो तसाच पुढे गेला, एका पायात चप्पल, एक पाय फरशीवर, थंड फरशीवर, आणि त्याला पत्ता नाही. टेबलं पुसणाऱ्या बाईने हाक मारली. तो वळला, पायाकडे बघितलं, खो खो हसला, परत येऊन त्याने चप्पल घातली आणि लांबूनच तिला हात करून गेला. ती त्याचं पाऊल बघत होती. पुढचा चवडा उचलला जात नव्हता, फरशीवर आपटत होता. नवशिक्यांना दाखवावं असं चालणं होतं ते. मनाची समजूत घालायला तिला फार वेळ लागला नाही. दुखलं तर येईल की परत, इथलाच पेशंट आहे, ती थोडीच त्याची डॉक्टर होती? शिवाय कँटीनमध्ये बसून, हात न लावता, कुणी निदान करतं का? नियम असा आहे, की तपासल्याशिवाय मत देऊ नये. ती मत देऊन बसली होती, हे या समजुतीत कुठे बसेना, म्हणून तिने तेवढं बाजूला ठेवलं. घरी आईने विचारलं, पाहिलीस का जागा? ती म्हणाली, पाहिली, छान आहे. आणि दोघींनी शेवटची एकदा तालीम केली.

मुलाखतीची खोली लहान होती, खिडकीला पांढरे पडदे, टेबलावर पाण्याचे झाकलेले ग्लास. मोठ्या बाई मध्ये. एका बाजूला सर्दीने नाक लाल झालेले एक सर्जन, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ, जे मान खाली घालून काहीतरी लिहीत होते आणि शेवटपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही. औषधांचे प्रश्न झाले, ते तिला येत होते. मग सर्जननी रुमाल खिशात ठेवून तो प्रश्न विचारला, मनात घर करून राहिलेला एखादा पेशंट. ती सांगू लागली. बस स्टँडचा कोपरा, गाठी, कपाट, एका हाताला सलाइन. कुलूप मोडायचं नसतं, त्याला विचारायचं असतं. ती थांबली. लिहिणाऱ्या गृहस्थांचं पेन थांबलं. इतकी चांगली तिने ती कधीच सांगितली नव्हती; आजवर ती ज्याच्याविषयी बोलत होती तो धूसर होता, आज त्याला मानेवरच्या वळ्या होत्या, घामाचा वास होता, हसताना दिसणारा केक होता, आणि ते सगळं न सांगताही आवाजात उतरत होतं. शेवटी तिने त्याला घरी नेलं, पहाट केली, आणि तो गेला. मग मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "घरी वारला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

हा प्रश्न चार मुलाखतींत कुणी विचारला नव्हता. तालमीत नव्हता. "त्यांच्या बायकोने," ती म्हणाली. "काय म्हणाल्या त्या? शेवटचे दिवस कसे गेले?" बाईंच्या आवाजात संशय नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. अशा बायका असतात. तिने तोंड उघडलं आणि तिच्याजवळ जे होतं तेच बाहेर आलं. "पाय आधी गेले," ती म्हणाली. "पाठ दुखायची. आडवं पडवेना, म्हणून खुर्चीत झोपायचे. जिना चढताना पाय जड व्हायचे. चप्पल निसटली तरी कळायचं नाही. घरच्यांना वाटलं, वय झालं." बोलता बोलता तिला तो दिसत होता, बसमध्ये, खिडकीशी, गुडघ्यांवर हात ठेवून. "कुणालाच दाखवलं नाही?" सर्जननी विचारलं. "दाखवलं होतं. एका डॉक्टरला. त्यांनी सांगितलं, स्नायू आखडलाय, शेका." मोठ्या बाईंनी तळहात टेबलावर आपटला, झाकणं वाजली. "शेका. कॅन्सरच्या पेशंटची पाठ दुखतेय, पाय जड झालेत, आणि हा सांगतो शेका. कुठून येतात ही माणसं?" "बायको बिचारी शेकत राहिली," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. हे रडणं ठरलेल्या जागेवरचं नव्हतं, आईला आवडलं नसतं, पण ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. त्या डॉक्टरचा तिला खरोखर संताप आला होता. त्या तिघांना आला होता तेवढाच, किंबहुना कांकणभर जास्त. सर्जननी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "तो तुमच्याकडे आला असता तर?" मोठ्या बाईंनी विचारलं, हळू आवाजात, आता परीक्षा संपून गेल्यासारखं. तिने सांगितलं. घरी जाऊ देणार नाही. त्याच दिवशी एमआरआय, तोवर स्टेरॉइडचं इंजेक्शन, लगेच किरणांची तयारी. पाय चालताहेत तोवर वेळ असते, तासांचा हिशेब करायचा, दिवसांचा नाही. "आणि पाय वाचले असते त्याचे?" "हो," ती म्हणाली. "बहुतेक वाचले असते." बाईंनी मान डोलावली. "असं उत्तर देणारं माणूस फार दिवसांनी आलं," त्या शेजाऱ्यांना म्हणाल्या, तिला ऐकू जाईल अशा बेताने. "जरा बाहेर बसा."

बाहेर बाकावर ती एकटीच होती. तिने फोन काढला, नंबर काढला. काल संध्याकाळची बस धरून तो रात्री घरी पोचला असणार, सकाळी शेकलं असणार. अजून चालत असेल, भिंतीला धरून का होईना. तिला वाक्यही तयार सुचलं, मी काल चुकीचं बोलले, जसे असाल तसे निघा. ते निघाले तर कुठे येणार? इथेच. याच दाराने, बायकोच्या खांद्यावर हात टाकून, आणि मोठ्या बाई बघणार, पाठ, पाय, चप्पल, शेक, ताजं ताजं आत्ताच ऐकलेलं सगळं, आणि वर कुलपांचा धंदा. काल तिला त्याला वाचवता आलं असतं आणि फारतर एक अर्ज खोटा पडला असता. आज ते राहिलं नव्हतं. पाय चालत होते, वेळ होती, औषध होतं, आणि तो मेला होता, तिघांच्या साक्षीने. अंगठा नंबरावर होता. आपण किती वाईट आहोत हे तिला स्वच्छ दिसलं, त्यात कुठे धुकं नव्हतं. पण दिसलं म्हणून अंगठा हलला असंही झालं नाही. मग दार उघडलं आणि सर्दीवाले सर्जन स्वतः बाहेर आले. "रीतसर पत्र नंतर येईल," ते म्हणाले, "पण बाईंना राहवत नाही. अभिनंदन. एकतारखेपासून या." तिने वाकून आभार मानले. ते आत गेले. तिने फोन लावला, आणि पलीकडे पहिल्याच घंटीला आईने उचलला.

"झालं?" आई म्हणाली.

"झालं."

पलीकडून आईने नाक ओढल्याचा आवाज आला. "सांगितलीस ना त्याची गोष्ट? नीट? थांबलीस ना तिथे?"

"थांबले."

"गुणाचा गं माणूस," आई म्हणाली. "गेला बिचारा, पण जाता जाता तुझं भलं करून गेला."

"हो," ती म्हणाली. फोनवर मध्येच दुसऱ्या कुणाचा तरी कॉल येत असल्याचा टुक टुक आवाज सुरू झाला होता. कुणाचा ते तिने पाहिलं, चावीवाला, आणि फोन पुन्हा कानाला लावून आईला म्हणाली, "बोल ना. ऐकतेय मी."